बाजारास निघण्यापूर्वीं

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. दुपारचीं पानें आटोपल्यावर माझ्या धाकट्या जावेनें उरलेल्या पोळ्या एका प्लॅस्टिकच्या पिशवींत घातल्या, गांठ मारली आणि गाईसाठीं म्हणून पिशवी अंगणाबाहेर ठेवली. सासूबाईंनीं ती उचलून आणली व शांतपणें म्हणाल्या, "अगं, गाईला हात नसतात. ही गांठ ती कशी सोडणार?"

आम्ही दोघीही निरुत्तर झालों. गाय अन्न पिशवीसकट गिळते. प्लॅस्टिक तिच्या पोटांत पचत नाहीं व बाहेरही पडत नाहीं. तें सांचत जातें आणि भरल्या पोटीं ती उपाशी मरते. गोग्रास द्यावयाचा आणि त्याबरोबर मरणही द्यावयाचें, हा कोणता धर्म? जें गाईच्या पोटांत जात नाहीं तें गटारांत जातें. २६ जुलै २००५ च्या मुंबईंतील महापुरांत पाणी तुंबण्यास या पिशव्यांनींही हातभार लावला होता. आमच्या पारोळ्याची बोरी नदी लहान. तिला तर हा भार मुळींच सोसावयाचा नाहीं.

सरकारनें कांहीं केलें नाहीं असें नव्हे. २३ मार्च २०१८ रोजीं महाराष्ट्रांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली व पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड ठरला. १ जुलै २०२२ पासून एकदांच वापरून टाकावयाचे पेले व चमचेही देशभर बंद झाले. परंतु कारखान्यांतूनच भरून येणारे बहुतेक पुडे या बंदींत येत नाहींत. वेफर्सच्या चकचकीत पुड्यांत तर निरनिराळे थर एकमेकांस असे चिकटविलेले असतात कीं, भंगारवालाही ते घेत नाहीं. जेथें कायदा थांबतो तेथें गृहिणीची सत्ता सुरू होते.

म्हणून आम्ही आठवडाभर घरांतील सारीं वेष्टनें एका पोत्यांत सांठविलीं आणि रविवारीं तीं निवडलीं. नवल असें कीं, महिन्याच्या मोठ्या बाजाराचीं वेष्टनें त्यांत थोडीं निघालीं. बहुतेक जातां येतां आणलेल्या किरकोळ वस्तूंचीं होतीं. एकानें येतांना कोथिंबीर आणली, दुसऱ्यानेंही आणली. दोघांच्याही हातांत पिशवी नव्हती! एकत्र कुटुंबाचा मोठा लाभ म्हणजे एकत्र खरेदी. तोच आपण नकळत गमावून बसलों आहों.

त्या दिवसापासून स्वयंपाकघरांत एक पाटी टांगली आहे. ज्याला जें हवें त्यानें तें तीवर लिहावें, व आठवड्यांतून एकदां एकानेंच बाजार करावा. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या दाराशीं खुंटीवर असतात. एक स्कूटरच्या डिकींत कायम ठेवलेली असते. दही व पनीर यांसाठीं घरचा डबा न्यावा आणि दुकानदारास आधीं त्याचा धडा करावयास सांगावें, म्हणजे वजनाचा वाद उरत नाहीं. पहिल्या दिवशीं दुकानदार कुरकुरतो; चवथ्या दिवशीं तो आपण होऊन डब्यासाठीं हात पुढें करतो.

मात्र सारेंच सुटें घ्यावें असें माझें म्हणणें नाहीं. १९९८ सालीं दिल्लींत मोहरीच्या तेलांत पिवळ्या धोतऱ्याचें तेल मिसळल्यामुळें ५० हून अधिक माणसें दगावलीं. तेल मोहोरबंदच घ्यावें. परंतु मोठ्या कुटुंबानें लिटरच्या पिशव्या कां घ्याव्या? १५ किलोंच्या एका डब्याऐवजीं तशा १६ हून अधिक पिशव्या लागतात. शिवाय रिकामा डबा धान्यास उपयोगीं पडतो.

मुलांच्या पुड्यांचें काय, असें आपण विचाराल. तो प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाहीं. चिवड्याचा व भाजलेल्या शेंगदाण्यांचा डबा त्यांच्या हाताला येईल असा ठेवला आहे. पुडे निम्म्यावर आले, एवढें खरें.

आतां बालाजीच्या रथोत्सवास पाहुणे येतील तेव्हां पळसाच्या पत्रावळी घेण्याचें ठरलें आहे. सासूबाई गोग्रास स्वतःच्या हातानें भरवितात, आणि माझी जाऊ त्यांच्या शेजारीं उभी असते.

भगिनींनो, आपणही एक आठवडा असें पोतें भरून पाहावें. दुसऱ्या कोणत्याही उपदेशाची मग गरज उरणार नाहीं.