शरीराला व्याख्या कळत नाही

पेणच्या गणपती कारखान्यात थिनर घातलेला रंग फवारणारा असो, की रोह्याच्या धाटाव वसाहतीतला कंत्राटी कामगार. द्रावकाची वाफ भेद करीत नाही. श्वासातले सुमारे निम्मे टोल्युइन रक्तात उतरते, मेंदूत व चरबीत मुरते. कष्ट वाढले की श्वास वाढतो, विषही वाढते. यकृत त्याचे हिप्युरिक आम्ल करून लघवीवाटे टाकते. थोडे उच्छ्वासातून जाते. चरबीतले मात्र रेंगाळते, आणि जादा पाळी निचऱ्याची सवडच हिरावते.

1948 च्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागी 10 कामगार असले की कारखाना मानला; 2020 च्या संहितेने ती मर्यादा 20 केली. एकोणीस जणांची फुप्फुसे व्याख्येबाहेर! तोंडावरचे फडके वाफ अडवीत नाही. वाफ ओढून नेणारे पंखे आणि नियमित तपासणी, हा हक्क संघटनेनेच झगडून मिळवला पाहिजे.