खरजेचे फोड आणि लाल लघवी



मागे राळेगणसिद्धीच्या शिवारात कांद्याची पाहणी करीत होतो. बांधावर एक माउली सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. म्हणाली, "साहेब, सकाळी उठला की पोराचं तोंड सुजतंय, लघवी चहावानी लाल होतीय. शेजारीण म्हणती रक्तगट तपासा, त्यातच खोट असंल."

मी डॉक्टर नव्हे. पण पोराच्या नडगीवर खपल्या दिसल्या. विचारले, "हे फोड कधीचे?"

"खरजेचे. झाले तीन आठवडे."

"आजच्या आज सरकारी दवाखाना गाठा," मी म्हटले. तेथे लघवीत रक्त निघाले, रक्तदाबही वाढलेला होता. वेळेवर इलाज झाला, मूल बरे झाले.

यात रक्तगटाचा दोष नव्हता. तांबड्या पेशींवर साखरेच्या खुणा असतात, त्यांना प्रतिजन म्हणतात. त्यावरून ए, बी, एबी, ओ हे गट ठरतात. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट शोधला. ओ गटात असणारी एच ही खूणसुद्धा त्यात नसते. अशा माणसाला त्याच गटाचे रक्त लागते. म्हणून रक्त देता-घेताना गट पाहायचा. फोडात आणि घशात वाढणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूचाही 'ए' गट असतो, पण त्याचा ए रक्तगटाशी संबंध नाही.

जंतूशी लढण्यासाठी शरीर प्रतिपिंडे तयार करते. ती आणि जंतूचे अंश मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात, ठिबकच्या फिल्टरमध्ये गाळ बसावा तसे. मग गाळणी सुजते. घसा दुखल्यानंतर एक-दोन आठवड्यांनी, फोडांनंतर सुमारे तीन आठवड्यांनी हे दिसते. तोवर फोड सुकलेले असतात, म्हणून कुणाला संशय येत नाही.

तेव्हा एवढे करा:

१. फोड साबण-पाण्याने धुवा. राख, शेण लावू नका. मुलांची नखे कापा.

२. खरूज असल्यास घरातल्या सर्वांनी एकाच वेळी औषध लावा.

३. फोड पिकले किंवा ताप येऊन घसा दुखू लागला तर डॉक्टरांना दाखवा. दिलेले औषध अर्ध्यावर सोडू नका.

४. तोंडावर सूज, लाल किंवा कमी लघवी दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. सुजेला बाळसे समजू नका.

बहुतेक मुले यातून पूर्ण बरी होतात, पण रक्तदाब फार चढला तर जिवावर बेतते.

बैलाच्या खांद्याला जखम झाली तर आपण त्याला जुंपत नाही, माशी बसू देत नाही. पोराच्या नडगीवरच्या फोडाकडेही तेवढे लक्ष द्या. १९७५ नंतर राळेगणसिद्धीने पाणी अडवले, जिरवले, शिवार हिरवे केले. विहिरीला पाणी आले की पहिली बादली पोरांच्या अंघोळीला काढा.