आल्प्स पाहिला म्हणजे काय पाहिले?

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा-कॉलेजे उघडली की आमच्या परिचयातील दोनचार कुटुंबे तरी युरोपची वारी करून परत आलेली असतात. त्यांच्या दिवाणखान्यात चहाबरोबर आल्प्सचाही पाहुणचार होतो. बर्फाचे गोळे एकमेकांस मारतानाची चित्रे दाखविली जातात आणि शेवटी ‘आल्प्स पाहून झाला’ असा निर्वाळा, एखादे जुने कर्ज फिटावे तशा समाधानाने, देण्यात येतो. अशा वेळी मी एक प्रश्न विचारतो व त्यामुळे थोडा अप्रियही होतो. तो प्रश्न असा: ‘आपण खिंड कोणती ओलांडलीत?’ शिखरांची नावे सर्वांस मुखोद्गत असतात. खिंड मात्र कोणासच आठवत नाही. एखादी ओलांडली असलीच तर ती बोगद्यातून, आणि बहुधा झोपेत.

माझा पक्ष आरंभीच स्पष्ट मांडतो. ज्याने आल्प्समधील एकही खिंड उघड्या रस्त्याने, पोस्टाच्या मोटारीतून अथवा पायी, ओलांडली नाही त्याने आल्प्स पाहिलाच नाही. त्याने फार तर बर्फ पाहिले. हे विधान कोणास उद्धटपणाचे वाटेल. परंतु या बाबतीतला पहिला अपराधी मीच आहे. काही वर्षांपूर्वी एका सहल-कंपनीच्या हाती स्वतःस व कुटुंबास सोपवून मी बारा दिवसांत सात देश ‘केले’. त्यात आल्प्सच्या वाट्यास दीड दिवस आला. शिखरावर आम्हांस दोन तास मिळाले. ढग इतके दाट होते की समोरचा सज्जाही नीट दिसेना. खाली उतरताना आमच्या मार्गदर्शकाने आम्हां सर्वांचे हार्दिक अभिनंदन केले. ते कशाबद्दल, हे मला अद्याप उमगलेले नाही.

ते स्थळ म्हणजे युंगफ्राउयोख. समुद्रसपाटीपासून 3454 मीटर उंचीवर, डोंगराच्या पोटातून सुमारे सात किलोमीटरांचा बोगदा खोदून तेथवर आगगाडी नेलेली आहे. 1896 साली काम सुरू झाले आणि 1912 साली गाडी पोहोचली. स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीने हा पराक्रम थोरच, व त्याचा अधिक्षेप करण्याची माझी इच्छा नाही. परंतु त्या नावातच एक गंमत दडलेली आहे. जर्मन भाषेत ‘योख’ म्हणजे जू. आपला ‘जू’ शब्द, संस्कृतातील ‘युग’ आणि हा ‘योख’ ही तिन्ही एकाच मुळाची भावंडे होत. दोन बैलांच्या मानांवर जू जसे टेकते तशी दोन शिखरांमध्ये टेकलेली जी खोलगट जागा, तिला तेथील लोक योख म्हणतात. म्हणजे आपली खिंडच. जिला आपले यात्रेकरू शिखर म्हणून वंदन करून येतात ती वस्तुतः खिंड आहे. पण अशी की एका बाजूने बोगद्यातून वर जायचे आणि त्याच बोगद्याने परत फिरायचे. दोर व कुऱ्हाडी घेतलेले थोडे गिर्यारोहक सोडले तर तिच्यावरून पलीकडे कोणी जात नाही.

शब्दांचाच विषय निघाला आहे तर आणखी एक शब्द पाहू. ‘आल्प’ हा शब्द तेथील गुराखी शिखरास लावीत नाही. त्याच्या बोलीत आल्प म्हणजे उंचावरचे उन्हाळी कुरण: जूनच्या सुमारास गायी जेथे चढवायच्या, तेथेच दूध काढून चीज करायचे आणि सप्टेंबरात गुरांसह खाली उतरायचे, ती जागा. परक्यांनी मात्र कुरणावरची नजर उचलून ती बर्फाच्या टोकावर नेऊन ठेवली. 1857 साली लंडनमध्ये आल्पाइन क्लब निघाला; 1863 साली टॉमस कुकने आपली पहिली स्वित्झर्लंडची सहल नेली; 1865 च्या जुलैत सात माणसे मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पोहोचली आणि उतरताना त्यांपैकी चार मृत्युमुखी पडली. पुढे 1871 साली लेस्ली स्टीफनने तर आपल्या पुस्तकास ‘युरोपचे क्रीडांगण’ अशा अर्थाचे नाव दिले. आमच्या पिढीस ही नजर इंग्रजी पुस्तकांतून मिळाली आणि तिच्यावरचा रंग सिनेमाने चढविला. 1964 च्या ‘संगम’पासून आपल्या नायकनायिका या पर्वतात नाचू लागल्या. इंटरलाकेन येथे 2016 साली यश चोप्रा यांचा पुतळा उभा राहिला, तो कृतज्ञतेपोटी की हिशेबापोटी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता खिंडीकडे वळतो. दुसऱ्या एका उन्हाळ्यात, कंपनीचा हात सोडून, मी उरी नामक प्रांतातील फ्ल्यूएलेन येथून क्लाउसेन खिंडीकडे जाणाऱ्या पिवळ्या मोटारीत बसलो. ही पोस्टाची मोटार. टपाल आणि माणसे एकाच गाडीतून नेण्याची जी जुनी घोडागाडीची पद्धत होती तिचीच ही पुढची पिढी असून 1906 साली बेर्नजवळ तिचा आरंभ झाला. आपल्या एस.टी.ची पहिली गाडी 1948 साली पुणे-नगर रस्त्यावर धावली, हे लक्षात घेता तिला एस.टी.ची थोरली बहीण म्हणण्यास हरकत नाही, आणि एस.टी.प्रमाणेच तीही प्रवाशांच्या करमणुकीसाठी निघालेली नाही. माझ्या शेजारी बाजारहाट करून परतणारी एक वृद्धा होती, मागे दप्तरे घेतलेली दोन मुले होती. या मंडळींनी सबंध वाटेत खिडकीबाहेर एकदाही आश्चर्याने पाहिले नाही. मी मात्र त्यांच्याकडे पाहत होतो, आणि मला वाटते की त्या दिवशी पाहण्यासारखे जे होते त्यातील निम्मे गाडीच्या आतच होते.

मोटार आल्टडॉर्फ गावातून जाते. धनुर्धर विल्यम टेलच्या दंतकथेचे हे गाव. चौकात त्याचा पुतळा आहे. पुढे वळणावळणाचा घाट लागतो आणि आंधळ्या वळणावर चालक तीन सुरांचे शिंग वाजवितो. हे तीन सूर रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या संगीतिकेच्या प्रारंभीच्या वाद्यवृंदातून घेतलेले आहेत. अशा डोंगरी टपालरस्त्यांवर निळ्या पाटीवर पिवळे शिंग रंगविलेले असते. तिचा अर्थ असा की अरुंद जागी समोरासमोर गाठ पडली तर चालक सांगेल तसे इतरांनी मागे-पुढे व्हावयाचे. कोट्यधीशाची मोटार असली तरी ती त्या वृद्धेच्या भाजीच्या पिशवीसाठी मागे सरते. ज्यांस लोकशाही पुस्तकांतून कळली नाही त्यांनी ती त्या वळणावर पाहावी.

1948 मीटरांवर खिंडीचा माथा आला तेव्हा मी उतरलो आणि पलीकडच्या उर्नरबोडेन या कुरणाकडे पायी निघालो. स्वित्झर्लंडमधील हे सर्वांत मोठे कुरण. ते कोणा एकाचे नसून उरीच्या गावकऱ्यांच्या सामाईक मालकीचे आहे. परंतु नकाशात पाहू जाता एक कोडे पडते. पाणलोटाच्या हिशेबाने हे कुरण ग्लारुस प्रांताच्या बाजूस असावे. मग ते उरीकडे कसे? याचे उत्तर एका कथेत आहे. दोन्ही प्रांतांनी हद्दीचा तंटा मिटविण्यासाठी असे ठरविले की विषुवदिनी कोंबडा आरवताच दोन्हींकडून एकेक धावपटू सुटावा आणि जेथे ते भेटतील तेथे सीमा मानावी. ग्लारुसवाल्यांनी आपल्या कोंबड्यास खाऊ-पिऊ घालून लठ्ठ केले. तो सकाळी घोरत पडला. उरीवाल्यांनी आपला कोंबडा उपाशी ठेवला. तो पहाटेच ओरडला. उरीचा धावपटू खिंड ओलांडून कितीतरी खाली आला तेव्हा ग्लारुसचा गडी त्यास भेटला व गयावया करू लागला. ‘मला पाठीवर घेऊन जितके चढशील तितकी भूमी तुझी,’ असे उत्तर मिळाले. तो चढला, एका ओढ्यापाशी पोहोचला आणि तेथेच कोसळून गतप्राण झाला. कथा खरी असो वा खोटी. सीमा मात्र आजही खिंडीच्या माथ्यावर नसून कुरणाच्या पलीकडच्या टोकास आहे. शिखरासाठी अशी कथा जन्मत नाही. शिखराचे कोणास काही देणेघेणे नसते. माणसे भांडतात, धावतात आणि मरतात ती कुरणासाठी व वाटेसाठी. नाणेघाटात जकातीचा दगडी रांजण पाहिलेल्या मराठी माणसास हे सांगावे लागू नये. घाट म्हणजे काय हे ज्याच्या रक्तात आहे त्याने परदेशी जाऊन केवळ सुळके मोजावे, हेच मला सर्वांत अधिक लागते.

चालण्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आमच्याकडे एक दुसरा पंथ उदयास येत आहे. पाठीवर बोजा बांधणाऱ्या या तरुण मंडळींच्या मते मोटारीत बसणे हाच मुळी भ्याडपणा. त्यांच्या पायांचा मला हेवा वाटतो, मताचा नाही. त्या देशात सुमारे पासष्ट हजार किलोमीटरांच्या पायवाटा पिवळ्या पाट्यांनी आखलेल्या आहेत. आणि त्या पाट्यांवर अंतर लिहिलेले नसते, वेळ लिहिलेली असते, तीही विश्रांती सोडून. माझ्या गुडघ्यांनी त्या वेळेत निदान निम्म्याची भर घातली हे कबूल करतो. या वाटांची चळवळ सुरू झाली ती योहान याकोब एस नावाच्या एका शिक्षकाच्या पुढाकाराने. विद्यार्थ्यांना घेऊन तो निघाला होता तो याच क्लाउसेन रस्त्याने, आणि भरधाव मोटारींनी त्या मुलांना चालणे अशक्य केले. 1922 पासून या खिंडीत मोटारींच्या शर्यती होत असत. शेवटची शर्यत 1934 साली झाली आणि त्याच साली पायवाटांची संस्था स्थापन झाली. 1979 साली स्विस जनतेने मतदान करून पायवाटांस राज्यघटनेत स्थान दिले, आणि 1985 च्या कायद्याने असे बंधन घातले की एखादी वाट बुजवावी लागली तर तिच्या बदली दुसरी दिली पाहिजे. आपल्याकडे रुंदीकरणात पदपथ नाहीसा होतो तेव्हा त्याची कोणी चौकशीही करीत नाही.

तेव्हा पोस्टाची मोटार आणि पायवाट या सवती नव्हेत. पाटीजवळच मोटारीचा थांबा असतो. पाय थकले तर मोटार, मोटार गेली तर पाय. पदयात्रेच्या अभिमान्यांनी हेही स्मरावे की मोटारीचा द्वेष करणारी माणसे त्या देशात यापूर्वी होऊन गेली. ग्राउब्युंडेन प्रांताने 1900 साली आपल्या रस्त्यांवर मोटारींस सरसकट बंदी केली आणि पुनःपुन्हा मते घेऊन ती 1925 पर्यंत टिकविली. एखादी मोटार आलीच तर तिला घोडे जुंपावे लागत. अखेरीस बंदी उठली आणि डोंगरी खेड्यांच्या दाराशी पिवळी मोटार येऊ लागली.

पूर्वपक्षाचे म्हणणे आता ऐकून घेऊ. म्हातारी आई बरोबर आहे, रजा थोडी, शाकाहाराची पंचाईत, आयुष्यात एकदाच जाणार. मग कंपनीवाचून गत्यंतर काय? यांपैकी शाकाहाराची अडचण खरी आहे व तिच्यावर पावचीज खाण्याखेरीज मजजवळ उपाय नाही. पण म्हाताऱ्या आईसाठी पोस्टाची मोटार हेच वाहन योग्य. ते तेथील म्हाताऱ्या आयांसाठीच चालते. पैशाचे म्हणाल तर परदेशी पाहुण्यांस जे सरसकट प्रवासपत्र मिळते त्यात पोस्टाच्या मोटारी येतात. युंगफ्राउयोखसाठी मात्र त्यावर केवळ सवलत मिळते, बाकीचे पैसे निराळे मोजावे लागतात. आणि रजा थोडी म्हणूनच सात देश एक करावेत. एका खिंडीस एक दिवस पुरतो. ढग आले तर शिखराच्या गिऱ्हाइकाचे सर्वस्व बुडते. खिंडीच्या प्रवाशाचे काही बुडत नाही, कारण रस्ता ढगातही पलीकडे जातोच.

अलीकडे आणखी एक युक्तिवाद जाहिरातपत्रकांतून ऐकू येतो आणि तो मला निर्लज्जपणाचा वाटतो: ‘बर्फ वितळून जाण्यापूर्वी पाहून घ्या!’ बर्फ वितळत आहे हे खरे आहे. 2022 व 2023 या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांचे सुमारे दहा टक्के घनफळ नाहीसे झाले. फुर्का खिंडीजवळची रोन नदीची हिमनदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास खालच्या ग्लेच वस्तीपर्यंत पसरलेली असे. ती आता वर कड्याआड सरकली आहे, आणि तिच्यात कोरलेली गुहा टिकावी म्हणून कित्येक उन्हाळे तिच्यावर पांढरी कापडे पांघरण्यात आली. आजारी माणसाच्या अंथरुणाभोवती तिकीट लावून गर्दी जमवावी तसा हा प्रकार आहे. विमानांनी हजारो मैल उडत जाऊन त्या गर्दीत आपण भर घालावी, आणि वर हळहळही व्यक्त करावी!

असो. माझे एक स्नेही येत्या जूनमध्ये सहकुटुंब निघत आहेत व त्यांनी, काहीशा आव्हानाच्या स्वरात, मजकडे एका ठिकाणाचे नाव मागितले आहे. मी त्यांस आव्हेर्स खोऱ्यातील युफ हे गाव लिहून दिले. 2126 मीटरांवरची ही वस्ती. इतक्या उंचावर बारमाही राहणारे दुसरे गाव युरोपात नाही असे मानतात. वाल्झर नावाचे जर्मनभाषी लोक मध्ययुगात खिंडी ओलांडून येथे आले, आणि 1961 पर्यंत येथे टपाल घोड्यांच्या गाडीतून येत असे. आता पिवळी मोटार येते. पुढे रस्ता नाही. ती तेथे तोंड फिरवून परत निघते. ‘मग तेथे करायचे काय?’ असे स्नेह्यांनी विचारले. थांब्याजवळ एक पिवळी पाटी आहे, तिच्यावर पलीकडच्या खिंडीपर्यंतचे तास लिहिलेले आहेत, एवढेच मी त्यांस कळविले आहे.