सुरक्षेला अट नको

लग्नसराई तोंडावर आली की गिरगावातले छोटे छापखाने रात्री उशिरापर्यंत जागे असतात. लालबाग-परळला हीच धांदल गणपतीआधी, मंडळांच्या अहवालांची आणि पावतीपुस्तकांची. या कामाचा भार अनेक ठिकाणी कोपऱ्यातला दहा-बारा वर्षांचा संगणक वाहतो. त्यात पेजमेकर, श्री-लिपीची जुनी आवृत्ती, तिच्या परवान्याचे डाँगल आणि वर्षानुवर्षे टाइप केलेला मजकूर असतो.

अशा संगणकांवर चालणाऱ्या विंडोज 10 ची मोफत सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवली. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि साधारण 2018 नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे चालता संगणक मोडीत. नवा घेतला तरी सुटका नाही. विंडोज 11 फक्त 64 बिटची आहे. 32 बिट विंडोजसाठी लिहिलेले प्रिंटरचे आणि डाँगलचे ड्रायव्हर तिच्यावर चालत नाहीत. युनिकोडपूर्व फॉन्टमधला मराठी मजकूर तर तो फॉन्ट नसला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता होऊन बसतो. इंग्रजीत काम करणाऱ्याला ही धास्ती नसते. अशा वेळी छापखानेवाल्याने अपडेटच नको म्हटले, तर त्याला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे.

मात्र धोका खरा आहे. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभरचे संगणक ओलीस धरले, तेव्हा त्यावरचे अपडेट दोन महिने आधीच आले होते, अनेकांनी ते घेतले नव्हते. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ने खाडीपलीकडे जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले.

कंपनीने जुनी यंत्रणा किती वर्षे सांभाळायची, हा प्रश्न रास्त आहे. पण ‘वॉनाक्राय’ पसरताच तिनेच विंडोज एक्सपीसाठी अपडेट दिले, एक्सपीची मुदत संपून तीन वर्षे झाली असताना. म्हणजे मनात आणले तर जमते. विंडोज 10 च्या घरगुती वापरासाठी वर्षभराची मुदतवाढही तिने दिली, पण संगणकातल्या सेटिंग्जचा बॅकअप तिच्याकडे ठेवा, तिचे हजार रिवॉर्ड पॉइंट द्या किंवा 30 डॉलर भरा, या अटीवर. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा तिथल्या ग्राहकांपुरती बॅकअपची आणि पैशांची अट गेली. दादरच्या ग्राहकाला ती का? व्यवसायासाठी तर पहिल्या वर्षी संगणकामागे 61 डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. लग्नपत्रिका छापणाऱ्याने ते कुठून आणायचे?

सुरक्षेचे अपडेट आणि नव्या यंत्रणेची सक्ती या दोन गोष्टी वेगळ्या केल्याच पाहिजेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले; विकलेल्या संगणकाला किती वर्षे सुरक्षा मिळणार, हे खरेदीच्या वेळीच सांगण्याचे बंधनही त्याच हक्कात यायला हवे. मुंबई ग्राहक पंचायतीने हा विषय हाती घ्यावा. आणि राज्य मराठी विकास संस्थेने जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारी, खात्रीची आणि मोफत साधने छापखान्यांपर्यंत पोहोचवावीत.

तोवर छापखान्यांना आमची कळकळीची विनंती आहे: जुन्या संगणकाची इंटरनेटची वायर काढा, गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या यंत्रावर तपासा आणि सगळ्या मजकुराची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घेऊन ती डिस्क घरी ठेवा.