वाट बघावी, पण किती?

आपल्याकडे प्रोग्राम ‘चालतो’ हे ठरवायची एक पद्धत आहे. एकदा रन करायचा, आउटपुट बरोबर आलं की प्रिंट काढायची, जर्नलला चिकटवायची आणि सरांची सही घ्यायची. विषय संपला! ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलमधला प्रोड्यूसर-कन्झ्युमरसुद्धा असाच सुटतो. पण काही प्रोग्राम असे असतात की ‘एकदा चालला’ याला काडीचाही अर्थ नसतो, आणि नेमके तेच आपण एकदा चालवून सोडून देतो. माझी तक्रार आहे ती एवढीच. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत इंग्रजी शब्द डोकावणारच. चालवून घ्या.)

‘रेस कंडिशन’ची व्याख्या आपल्या सगळ्यांची पाठ आहे. दोन कामं एकाच वेळी चालू असतात आणि उत्तर बरोबर येणार की चूक, हे कोण आधी पोचतं यावर ठरतं. याचं प्रात्यक्षिक हॉस्टेलवर रोज सकाळी फुकट मिळतं. बाथरूम रिकामं आहे हे डोकावून बघायचं, टॉवेल आणायला खोलीत जायचं, आणि परत येईपर्यंत दार आतून बंद! बघितलं ते खरं होतं. घोळ झाला तो बघणं आणि आत शिरणं यांच्या मधल्या वेळात.

आता याच घोळाचं मोठं रूप बघू. आज एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन्स चालतात. प्रत्येकीला वाटतं की आपल्याकडे स्वतःचं नेटवर्क कार्ड आहे. प्रत्यक्षात तसं कार्ड नसतंच. केंब्रिज विद्यापीठातून आलेल्या आणि 2003 मध्ये पेपररूपाने मांडल्या गेलेल्या ‘झेन’मध्ये या नसलेल्या कार्डाचे दोन अर्धे भाग असतात. व्हर्च्युअल मशीनच्या आत ‘नेटफ्रंट’ आणि पलीकडे, खऱ्या कार्डाच्या बाजूला ‘नेटबॅक’. दोघांमध्ये मेमरीचा एक सामाईक तुकडा असतो, त्यावर पॅकेट्सची देवघेव होते. एकाने काही ठेवलं की दुसऱ्याला घंटा वाजवायची, असा करार. अ‍ॅमेझॉनची ईसीटू सेवा 2006 साली सुरू झाली ती याच झेनवर, म्हणजे हा काही प्रयोगशाळेतला खेळ नव्हे.

दोन अर्धे म्हटले की दोघांनी एकमेकांची वाट बघणं आलंच. कार्ड काढून टाकायचं असेल तेव्हा नेटफ्रंट आधी पलीकडची स्थिती वाचतो. ती ‘क्लोज्ड’ नसेल तर ‘क्लोजिंग’ची विनंती करतो आणि पलीकडे ‘क्लोजिंग’ दिसेपर्यंत थांबतो. मग ‘क्लोज्ड’ची विनंती, पुन्हा थांबणं. वाचायला अगदी सरळ. पण लिनक्समधल्या या ड्रायव्हरात 2020 साली एक चूक दुरुस्त झाली ती इथलीच. स्थिती वाचल्यावर लगेच, वाट बघायला बसण्याआधी, पलीकडचा थेट ‘क्लोज्ड’ झाला तर? ‘क्लोज्ड’वरून मागे ‘क्लोजिंग’वर कोणी येत नाही. म्हणजे नेटफ्रंट बसला कायमचा!

एसटी स्टँडवर असंच होतं बघा. चौकशीच्या खिडकीवर कळतं की गाडी फलाटावर उभी आहे. आपण ठरवतो, ‘सुटत आहे’ अशी घोषणा झाली की उठू. पण बाकापर्यंत चालत जाताना, त्या गर्दीगोंगाटात, घोषणाही झाली आणि गाडीही गेली. आता ती घोषणा पुन्हा होणार नाही. आपण मात्र बॅगेवर हात ठेवून बसलेलो.

माणूस निदान कंटाळून उठतो. कर्नलमधली ती वाट उठत नाही. ती वाट बघणारी प्रोसेस ‘किल मायनस नाइन’लाही दाद देत नाही. लिनक्स फार तर लॉगमध्ये कुरकुरतो की अमुक प्रोसेस 120 सेकंदांहून जास्त वेळ अडकली आहे. शेवटी रीबूट, आणि त्या मशीनवर चाललेलं सगळं काम बंद.

आता दुरुस्ती बघा, कारण माझा मुद्दा तिच्यातच आहे. तिच्यात दोन गोष्टी केल्या. पहिली, थांबण्याची अट बदलली: ‘क्लोजिंग’ दिसो किंवा ‘क्लोज्ड’ दिसो, दोन्ही चालेल. म्हणजे ‘गाडी सुटतेय का’ एवढंच न विचारता ‘सुटतेय का, की गेली?’ असं विचारणं. दुसरी, प्रत्येक वाट बघण्याला पाच सेकंदांची मर्यादा घातली.

आपल्यातल्या बहुतेकांनी यातली फक्त दुसरी गोष्ट केली असती. प्रोजेक्ट अडकतोय? टाइमआउट टाक. अधूनमधून अडकतोय? मध्ये एक ‘स्लीप’ टाक. चाललं! पण स्लीपने रेस मिटत नाही, ती फक्त दुर्मिळ होते. आणि दुर्मिळ चूक रोजच्या चुकीपेक्षा वाईट, कारण ती लॅबमध्ये सापडत नाही, गिऱ्हाइकाकडे सापडते.

याउलट काही हुशार मंडळी टाइमआउटला नाकं मुरडतात, म्हणे तो जुगाड आहे. तेही मला पटत नाही. पलीकडचा अर्धा भाग क्रॅश झाला तर आपलं लॉजिक कितीही शुद्ध असलं तरी उत्तर येणार कुठून? टाइमआउट हवाच. पण तो आधार आहे, औषध नाही. फट आधी बुजवायची, आणि मग खाली जाळी बांधायची. जाळी आहे म्हणून फट तशीच ठेवायची नाही.

हे सगळं नेटवर्कपुरतंच आहे असं वाटत असेल तर थेरॅक-25 आठवा. कॅन्सरवर रेडिएशन देणारं हे यंत्र. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना भयंकर जास्त डोस दिला, त्यातले निदान तीन दगावले. टेक्सासमधल्या 1986 च्या अपघातांमागे रेस कंडिशन होती. चुंबक जागेवर बसायला सुमारे आठ सेकंद लागत, आणि तेवढ्यात ऑपरेटरने स्क्रीनवरची नोंद बदलली तर सॉफ्टवेअरला ते कळतच नसे. म्हणजे ऑपरेटरचा हात सरावाने वेगवान झाला की चूक जागी व्हायची. सावकाश टाइप करा, यंत्र निर्दोष! आणि आधीच्या मॉडेल्समध्ये असलेली हार्डवेअरची सुरक्षा या मॉडेलमधून काढून टाकलेली होती. फटही होती आणि जाळीही नव्हती.

म्हणून आपल्या लॅबसाठी माझ्या तीन मागण्या आहेत. एक, थ्रेड्सचा प्रोग्राम एकदा नाही, हजारदा चालवून दाखवायचा. शेलमध्ये एका ओळीचा लूप पुरतो. दोन, तपासणं आणि कृती यांच्या मध्ये मुद्दाम स्लीप घालून प्रोग्राम मोडून दाखवायचा. स्लीपचा खरा उपयोग हा आहे, चूक लपवायला नव्हे, उघडी पाडायला. तीन, कम्पाइल करताना जीसीसीचा थ्रेड सॅनिटायझर चालू करायचा. तो 2013 पासून फुकट उपलब्ध आहे. कर्नललाही 2020 मध्ये असाच स्वतःचा रेस-शोधक मिळाला. जगातले मुरलेले प्रोग्रामर डोळ्यांवर भरवसा ठेवत नाहीत, मग आपण का ठेवावा?

सर म्हणतील, दोन तासांचं प्रॅक्टिकल, अख्खी बॅच, वेळ कुठंय? मान्य, सर. मग दहाऐवजी आठ प्रयोग घ्या, पण त्यातला एक तरी मुलांना मोडायला लावा. व्हायव्हात ‘सेमाफोरची व्याख्या सांग’ ऐवजी ‘हा प्रोग्राम कुठे अडकेल ते दाखव’ असं विचारा. ज्याला अडकण्याची जागा दाखवता येते, त्याला व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही.

आणि मित्रमैत्रिणींनो, सरांच्या परवानगीची वाट बघत बसू नका. बघायचीच असेल तर टाइमआउट लावून बघा. आज रात्री जर्नलमधला प्रोड्यूसर-कन्झ्युमर काढा आणि हजारदा चालवा. नऊशे नव्व्याण्णव वेळा बरोबर आला, तर समजा की प्रोग्राम चुकलाय.