बिनवासाचे जायफळ

करंज्यांच्या सारणात जायफळ किसून घालण्याचा मान आमच्याकडे भोरच्या आत्याबाईंचा. परवा त्या किसणी घेऊन बसल्या असताना मी मोठ्या ऐटीत खणातून एक बी काढून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते हुंगले.

"याला वासच नाही रे! फसवलं तुला वाण्यानं."

वाण्याचे नव्हतेच ते. जूनमध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे येथील राईत गेलो होतो, तिथले रानजायफळ. ही झाडे पाणथळ चिखलात उभी असतात. चिखलात मुळांना हवा मिळेना, म्हणून ती गुडघे दुमडल्यासारखी वर येतात, श्वास घेतात आणि पुन्हा खाली जातात. ओहोळ वळवला की झाड संपले. २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. क्षेत्र २.५९ हेक्टर, म्हणजे पुरते साडेसहा एकरही नाही!

नावाची कथा तर आणखी मजेची. बेडोम या इंग्रज वनाधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात याला 'मॅग्निफिका', म्हणजे भव्य, असे नाव दिले. पुढे काही पंडितांनी त्याला मोलुक्का बेटांवरच्या 'फॅटुआ'चा, म्हणजे फिक्या जायफळाचा, नुसता पोटभेद ठरवले. तुम्ही म्हणाल, नावात काय आहे? पोटभेद म्हटला की बेटांवर याचे भाऊबंद आहेतच, असे समजून आपण स्वस्थ बसायला मोकळे. स्वतंत्र जात म्हटली, तर सह्याद्रीबाहेर तिला घरच नाही. आता पुष्कळ अभ्यासक स्वतंत्र जातच मानतात. मी पडलो कारकून माणूस, पण ती मुळे पाहिल्यावर मलाही 'भव्य' हेच नाव पटले.

हे सारे मी रंगात येऊन सांगत होतो. आत्याबाईंच्या कानात एकच शब्द राहिला होता.

"राईतून आणलंस? कुणाला विचारलंस?"

मी गप्प.

"आमच्या वेल्ह्याकडे देवराईतली वाळकी काटकी कुणी घरी नेत नाही."

"कुंडीत लावणार होतो," मी पुटपुटलो.

त्यांनी बी कानाशी धरून हलवले. आत खुळखुळ वाजले. रानजायफळाचे बी वाळले की मरते; झाडाखालच्या ओलीतच ते रुजायचे. मी मात्र रुमालात गुंडाळून पाच महिने टेबलाच्या खणात जपले होते!

जायफळाच्या डबीत आत्याबाईंनी ते ठेवू दिले नाही. "पुढच्या खेपेला जाशील तेव्हा उचललंस तिथं ठेवून ये," म्हणाल्या आणि पुन्हा किसणीकडे वळल्या.