हातात हात आणि दाराला कडी

नेपोलियनने १८०१ साली पोपशी समेट केला आणि फ्रेंच चित्रकारांना एक विषय मिळाला : राज्य आणि धर्म यांना मानवी रूप द्यायचे आणि त्यांचे मीलन रेखाटायचे. वाचकहो, हे चित्र आपल्याला परके वाटू नये. कॅलेंडरवर शिवाजीमहाराज समर्थांच्या झोळीत राज्य टाकतात, ती आख्यायिका याच जातीची. रेषा सुरेख, चेहरे शांत. माझे भांडण रेषेशी नाहीच. या दोघांचे हात एकमेकांत गुंतल्यावर तिसऱ्याने दाद कोणाकडे मागायची, एवढेच मला विचारायचे आहे.

फ्रान्समध्ये बिशपांची नेमणूक नेपोलियनच्या हाती गेली, पगार सरकारी तिजोरीतून सुरू झाले. आणि १८०६ च्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात सम्राटाला कर देणे, त्याच्या लष्करात चाकरी करणे हे धर्मकर्तव्य म्हणून मुलांकडून घोकून घेतले जाऊ लागले! मी शाळामास्तर आहे. मला या धड्याची धास्ती वाटते.

आता आमच्या नाशकाचे पाहा. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुष पंचवटीत काळारामाच्या देवळाशी आले. दादासाहेब गायकवाड पुढे होते. मागणी काय, तर रामाचे दर्शन. दरवाजे बंद झाले, आणि बंद दरवाजांवर पोलिसांचा पहारा बसला. सरकार ख्रिस्ती साहेबाचे; त्याला रामाचे काय सोयरसुतक? पण पुजाऱ्याच्या कडीला साहेबाचा दंडुका मिळाला. हे मीलन श्रद्धेचे नव्हे, बंदोबस्ताचे. धर्म म्हणतो रूढी मोडू नका, राज्य म्हणते शांतता मोडू नका, आणि ऐकणाऱ्याला दोन्हींचा अर्थ एकच : बाहेर थांबा. पुढे चैत्रातल्या रथाच्या दिवशी सत्याग्रहींवर दगड पडले. तुरुंगही त्यांच्याच वाट्याला आले.

कोणी म्हणेल, धर्माचा अंकुश नसला तर राज्य उधळते. असेल. पण हत्ती आणि माहूत यांनी मिळून दाराशी उभ्या असलेल्या माणसाला तुडवायचे ठरवले, तर तो अंकुश कोणाच्या उपयोगाचा?

सिंहस्थात सरकारने घाट बांधावेत, पाणी पुरवावे, गर्दी आवरावी. यात्रेकरूही नागरिकच आहे. ते त्याचे घेणे आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई सरकारने केला तो १९४७ मध्ये. राज्याने आपला हात सोडवून घेतला, तेव्हा कुठे तो कडीपर्यंत पोचला. मधल्या काळात सत्याग्रह थांबला होता, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे सांगून टाकले होते. दार उघडले खरे. पण ज्यांच्यासाठी उघडले, त्यांतले पुष्कळजण तोवर पाठ फिरवून चालू लागले होते.